पेपर घडाघडा वाचतो, पण ‘आज काय खाल्लंस’ याचं उत्तर देत नाही

प्रश्न:
नमस्कार ताई, आम्ही कराडला राहतो. आमचा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीनंतर पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं सांगितलं. अगदी लहान असल्यापासून तो फ्रीजवरची चुंबकाची अक्षरं ओळीत लावायचा. तीन वर्षांचा झाल्यावर एसटीच्या पाट्या वाचायला लागला, आणि गेल्या सहा महिन्यांत तर कमालच झाली. जोडाक्षरं, इंग्रजी, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर, पेपरातल्या निविदा सूचना, काहीही न अडखळता वाचतो. चुलत बहिणीचं चौथीचं पुस्तक वाचून झालं. पण गोष्टीत काय झालं विचारलं की गप्प. तहान लागली की तोच मला म्हणतो, “तुला पाणी हवंय का?” पडला की म्हणतो, “मी पडले.” सासूबाई म्हणतात, एवढं वाचणाऱ्या पोराला काही झालेलं नाही, डॉक्टरला काय कळतंय. मिस्टरांना वाटतं, त्याला एकदम दुसरीत बसवावं. थेरपिस्ट म्हणाल्या, पुस्तकं लपवून ठेवा, वाचनामुळेच तो बोलत नाही. आणि पुढच्या महिन्यात नणंदेच्या लग्नात त्याच्याकडून मांडवात पत्रिका वाचून घ्यायची असं सगळ्यांनी ठरवलंय. मला काहीच सुचत नाही. — एक आई

उत्तर:
पुस्तकं लपवू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण लपवली असतील तर आजच कपाटातून बाहेर काढा आणि त्याच्या हाताला येतील अशी ठेवा.

तुमच्या मुलाच्या बाबतीत जे दिसतंय त्याला हायपरलेक्सिया म्हणतात. सिल्बरबर्ग दांपत्याने १९६७ साली हा शब्द वापरात आणला. वयाच्या मानाने फार लवकर आणि फार सफाईने वाचणारं, अक्षरांचं जबर वेड असलेलं, पण वाचलेल्याचा अर्थ आणि बोलणं त्या वेगाने न येणारं मूल, असा त्याचा ढोबळ अर्थ. माँट्रियलच्या संशोधकांनी २०१७ साली तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. हायपरलेक्सियाच्या नोंदल्या गेलेल्या मुलांपैकी सुमारे ८४ टक्के ऑटिस्टिक होती, आणि ऑटिस्टिक मुलांमध्ये साधारण ६ ते २० टक्के मुलांत हे वाचन दिसतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे सासूबाईंना जी हुशारी दिसते ती खरी आहे आणि डॉक्टरांचं निदानही खरं आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. घरातलं अर्धं भांडण इथेच मिटायला हरकत नाही.

आता वाचनाचं. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं: समजून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. एक संख्या शंभर असली आणि दुसरी दोन, तर उत्तर दोनशेच येतं. पहिली पन्नासने वाढवून दीडशे केली तरी तीनशेच होतात, दुसरी नुसती तीनने वाढवून पाच केली की लगेच पाचशे. तुमच्या मुलाची पहिली संख्या अफाट वाढली आहे. लक्ष द्यायचं ते दुसरीकडे.

मराठीत हा फरक आणखीनच झाकला जातो. देवनागरीत अक्षर दिसलं की उच्चार जवळजवळ ठरलेला असतो. बाराखडीचा साचा आणि रफार, रकार, जोडाक्षरांची घडण एकदा डोक्यात बसली की मुलाला कुठलाही शब्द वाचता येतो, ऐकलेला असो वा नसो. म्हणून तर ‘निविदा’ आणि ‘पॅरासिटामॉल’ तितक्याच सफाईने येतात, आणि म्हणूनच सहा महिन्यांत एवढी झेप दिसली. एक गंमत करून बघा. ‘पाण्याचा जग’ आणि ‘सगळं जग’ असं लिहून द्या. दोन्हीकडे ज एकच, उच्चार वेगळे, आणि लिपी ते सांगत नाही. दोन्ही बरोबर म्हटले तर तो अक्षरांच्या पलीकडे जाऊन ऐकलेल्या मराठीशी जोडून वाचतोय. दोन्ही सारखेच म्हटले तरी घाबरू नका, फक्त एवढं कळेल की कुठे काम करायचं.

पण “काय झालं?” ला उत्तर दिलं नाही म्हणजे समजलं नाही, असंही धरू नका. ही चूक भले भले करतात. समजणं एक आणि समजलेलं शब्दांत मांडून समोरच्याला देणं दुसरं. ऑटिस्टिक मुलाला बऱ्याचदा दुसरं जास्त अवघड जातं. त्यामुळे परीक्षा तोंडी घ्यायचीच नाही. चिठ्ठ्या लिहा. एका कागदावर ‘लाल वाटी आजीला दे’, काही न बोलता त्याच्या हातात द्या आणि बघा. दुसऱ्यावर ‘उशीखाली बघ’, आणि उशीखाली त्याच्या आवडीचं बिस्किट. जमायला लागलं की दोन कामं जोडा: ‘चप्पल घाल आणि दाराजवळ उभा राहा.’ मग एखादी वेडी चिठ्ठी: ‘टोपी पायात घाल.’ तो हसला किंवा तुमच्याकडे चमकून बघितलं, तर काय कळलंय ते तुम्हाला कळेल, एकही प्रश्न न विचारता. चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि तसाच बसून राहिला, तर तुम्ही हाताला धरून एकदा करून दाखवा आणि पुन्हा तीच द्या. हा खेळ घरातल्या कुणालाही खेळता येतो, आणि आजीला तर नक्कीच. तिला ते बिनघोर काम आहे, आणि तिच्या लाडक्या हुशारीचा उपयोगही आहे.

“तुला पाणी हवंय का?” याकडे वळू. त्याला ‘मी’ आणि ‘तू’ कळत नाही असं सगळे सांगतील. मला तसं वाटत नाही. त्याने ऐकलंय की हे अख्खं वाक्य झालं की पाणी येतं, म्हणून तो ते अख्खं वाक्य वापरतोय, आणि पाणी मिळवतोय. प्रिझंट आणि डुकन या संशोधकांनी १९८१ साली दाखवलं की असं ऐकलेलं परत बोलण्यामागे बहुतेक वेळा काहीतरी हेतू असतो: मागणं, हो म्हणणं, स्वतःला सांगणं. ‘मी पडले’ मध्येही तेच. दिवसभर कानावर पडतं ते तुमचं ‘मी आले’, ‘मी दमले’. क्रियापदासकट वाक्य उचललं. आपल्या भाषेत ‘मी’ च्या क्रियापदालाही बाई-पुरुष असल्यामुळे मुलग्यांकडून हे फार ऐकू येतं.

‘असं नाही म्हणायचं, पडलो म्हण’ असं दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. बोललेलं हवेत विरतं. त्याच्याकडे लिहिलेलं टिकतं, म्हणून लिहा. पाण्याच्या माठावर किंवा फिल्टरवर कागद चिकटवा: ‘मला पाणी हवंय.’ तो “तुला पाणी हवंय का” म्हणाला की बोट त्या कागदावर ठेवा, तुम्ही स्वतः एकदा म्हणा आणि लगेच पाणी द्या. पाणी अडवून वाक्य वदवून घेऊ नका. असेच कागद दारावर ‘मला बाहेर जायचंय’, झोक्याजवळ ‘आता पुरे’, टीव्हीजवळ ‘आवाज कमी कर’. शेवटचे दोन मी मुद्दाम सांगते, कारण मागायला शिकवण्याच्या नादात ‘नको’ म्हणायला शिकवायचं राहतं.

‘पडलो’, ‘गेलो’ साठी मात्र मिस्टरांना कामाला लावा. दुसरीत बसवण्यापेक्षा हे काम त्यांनी केलं तर मुलाला जास्त मिळेल. रोज संध्याकाळी एका वहीत पप्पांनी स्वतःबद्दल तीन ओळी लिहायच्या: मी बाजारात गेलो. मी वांगी आणली. मी खूप दमलो. मुलाला शेजारी घेऊन बोट ठेवून वाचायच्या. काही दिवसांनी समोरच्या पानावर मुलाच्या त्या दिवसाचा एक फोटो चिकटवायचा (चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात काळापांढरा काढला तरी चालतो) आणि खाली अर्धी ओळ: ‘आज मी ______ खाल्लं.’ खाली दोन शब्द: ‘थालीपीठ’, ‘पोहे’. त्याने बोट ठेवायचं, किंवा लिहायचं, किंवा बोलायचं, तिन्ही सारखंच धरायचं. पोह्यांना ‘खाल्लं’ चालत नाही हे त्याला आपणहून खटकलं तर समजा काम फत्ते! ज्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही म्हणून तुम्ही कळवळून लिहिलंत, तो प्रश्न असा कागदावरून सोडवता येतो. आधी ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’. ‘का’ आणि ‘कसं वाटलं’ सगळ्यात शेवटी, त्यांना घाई नको.

पुस्तकांबद्दल माझं मत घरच्यांना आवडणार नाही: पायरी खाली उतरवा. चौथीचं पुस्तक बाजूला. एका पानावर एक-दोन ओळी, मोठं चित्र, मुलाच्या रोजच्या आयुष्यातलं काही घडतंय, असं पुस्तक घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीतली कितीतरी पुस्तकं फुकट आहेत आणि त्यांना पातळ्या दिल्या आहेत. पहिल्या पातळीपासून सुरू करा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नंतर कधीतरी. अक्षरं दिसली की तो चित्राकडे बघतच नसेल. तेव्हा मजकुरावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून आधी चित्र बघायचं, कुत्रा कुठे निघालाय ते बोटाने दाखवायचं, मग पट्टी काढायची. तेच पुस्तक शंभरदा मागितलं तर शंभरदा वाचा, मात्र कधीतरी एक शब्द मुद्दाम चुकीचा म्हणा आणि त्याला तुम्हाला दुरुस्त करू द्या. त्याला ते फार आवडेल, आणि त्यात समोरासमोरची देवाणघेवाण आपोआप होते. म्हणी आणि वाक्प्रचार जपून. ‘पोटात कावळे ओरडतायत’ हे अक्षरशः घेऊन घाबरणारी मुलं असतात. तसं काही आलं की कागदावर ‘=’ हे चिन्ह काढून लिहा: म्हणजे खूप भूक लागली.

थेरपिस्टचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यांच्या काळजीत थोडं तथ्य आहे. तो जेवण सोडून वाचत असेल, झोप मोडून वाचत असेल किंवा मोबाईलवर सिनेमाच्या शेवटची नावं परत परत लावून तासन्‌तास बसत असेल, तर आवर हवा. तो आवरही लेखीच घाला: भिंतीवर दिवसाचा क्रम, त्यात पुस्तकाची वेळ ठरलेली. बऱ्याचदा ही मुलं आईच्या सांगण्यापेक्षा भिंतीवरच्या कागदाचं जास्त ऐकतात. (घरोघरी हेवा वाटावा अशी गोष्ट.) पण वाचनामुळे बोलणं अडतं, हे काही खरं नाही. माँट्रियलच्या त्याच अभ्यासकांचं म्हणणं उलट आहे, की या मुलांसाठी लिखित शब्द हा भाषेत शिरायचा रस्ता असू शकतो आणि थेरपीत तो वापरून बघायला हवा. थेरपिस्टना हे नम्रपणे सांगा, चिठ्ठ्यांची वही दाखवा आणि सेशनमध्ये लिहिलेले शब्द वापराल का, असं विचारा. चांगल्या थेरपिस्ट असतील तर त्यांना आनंदच होईल. ऐकूनच घेत नसतील तर दुसरं मत घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी. आणि जवळ हवं असेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. कानाची तपासणी झाली नसेल तर आधी ती. आणि एक: येत असलेले शब्द अचानक गेले, किंवा मधेच काही सेकंद शून्यात बघून तो ‘हरवतो’ असं दिसलं, तर वाट न बघता डॉक्टर गाठा. ऑटिस्टिक मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि फिट दरवेळी हातपाय झाडतच येते असं नाही.

सासूबाईंबद्दल. कुणीतरी एक दिवस घरच्या ग्रुपवर टाकेल की डॅरॉल्ड ट्रेफर्ट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी हायपरलेक्सियाचे तीन प्रकार सांगितलेत, आणि एका प्रकारात ऑटिझमसारखी लक्षणं पुढे मावळतात. हे त्यांनी म्हटलंय खरं. पण कुठलं मूल कुठल्या गटातलं हे घरी बसून ठरत नाही, जाणत्या डॉक्टरांनी काही वर्षं बघून ठरतं, आणि तोवर मदत थांबवायला कुठल्याच गटात सांगितलेलं नाही. सासूबाईंशी निदानावरून वाद घालू नका. “तुम्ही म्हणता तसा तो हुशार आहेच, म्हणून तर ही चिठ्ठीची पद्धत त्याला चालते,” एवढं म्हणा आणि चिठ्ठ्या त्यांच्या हातात द्या.

लग्नात पत्रिका वाचायला लावू नका. यावर मी ठाम आहे. टाळ्या पडतील, व्हिडिओ निघेल, आणि पुढच्या प्रत्येक बारशाला, वास्तुशांतीला ‘वाच रे बाळा’ सुरू होईल. वाचणं ही त्याची स्वतःची, निवांतपणाची गोष्ट आहे. ती पाहुण्यांसमोरची कसरत झाली की तिच्यातली मजा जाईल. शिवाय त्या दिवशी त्याला वेगळीच झुंज आहे. बँड, डीजे, अत्तर, गालगुच्चे, आणि मंगलाष्टकं संपताना अंगावर पडणाऱ्या अक्षता. आपल्याला ते कळत नाही, पण डोक्यात-मानेत अचानक तांदूळ पडणं काही मुलांना सहन होत नाही. त्यासाठी आठवडाभर आधी एक छोटी गोष्ट लिहा, त्याच्या तोंडून. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९०च्या सुमारास ही पद्धत रूढ केली आणि वाचणाऱ्या मुलांना ती विशेष लागू पडते. ‘रविवारी आत्याचं लग्न आहे. खूप लोक असतील. बँड मोठ्याने वाजेल. लोक अक्षता टाकतील. मला नको असेल तर मी पप्पांबरोबर खोलीत जाऊ शकतो. खोलीत माझं पुस्तक आहे.’ अक्षतांच्या वेळी कोण त्याला बाहेर नेणार हे नाव घालून ठरवा, नाहीतर ऐनवेळी सगळे स्टेजवर असतात. नणंदेला फारच हौस असेल तर आदल्या दिवशी घरी तिने एकटीने त्याच्या शेजारी बसून पत्रिका वाचून घ्यावी, त्याला वाटलं तर.

राहिली शाळा. दुसरीचा विचार सोडा. पहिलीलाच वयाची सहा वर्षं लागतात, पण तो नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. दुसरीत फळा वाचणं हा दिवसाचा लहानसा भाग असतो. बाकी वेळ रांगेत थांबायचं, डबा उघडायचा, हाताने ओळीत लिहायचं, शेजारच्याने पेन्सिल घेतली तर बाईंना सांगायचं. त्यात तो बरोबरच्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल आणि त्याची गरज कुणाला दिसणार नाही, कारण ‘हा तर वाचतो’. तिसरी-चौथीपर्यंत बाकीची मुलंही सरसर वाचू लागतात. तेव्हा त्याचं वेगळेपण कौतुकाचं राहणार नाही आणि अर्थाचा प्रश्न उघडा पडेल. हातात असलेली ही वर्षं त्यासाठी आहेत, मिस्टरांना हे समजावून सांगा.

वयाला साजेशा वर्गात, साध्या शाळेत घाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असं त्याचं कलम १६ सांगतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ठेवा. घरच्यांना ‘शिक्का बसेल’ वाटत असलं तरी सवलती आणि हक्क त्या कागदावरच चालतात. बाईंना भेटायला जाल तेव्हा एक पान लिहून न्या: तोंडी सूचना फळ्यावरही लिहा, त्याला वर्गाला वाचून दाखवायला उभं करू नका, वाचता येतं म्हणून समजलंच असं धरू नका, लघवीला जायचं असेल तर खिशातलं कार्ड दाखवेल. ते कार्ड आतापासून घरात वापरायला लावा. आणि मुख्याध्यापकांनी “आमच्याकडे अशी मुलं घेत नाही” असं सांगितलं, तर वाद न घालता ते लेखी मागा.